आतून हिरवा मग लिंबाने पांढरट पडतोय? कॉपरच्या मॅट ग्लेझचा परत परत येणारा त्रास आणि तो कसा सुटला

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी विचारतंच, आणि दर वेळी मी तुकड्यातुकड्यात उत्तर देते, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. प्रश्न साधारण असा असतो: मातीच्या मगावर कॉपरने (तांब्याने) रंगवलेलं मोरपिशी किंवा पोपटी मॅट ग्लेझ आहे, म्हणजे भाजून बसवलेला न चकाकणारा काचेचा थर, कोन ६ ला (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा शंकू, भाजणीचं माप) इलेक्ट्रिक भट्टीत भाजलंय, दिसायला एकदम भारी, पण मगमधे लिंबू-सरबत किंवा कोकम ठेवलं की आतला रंग पुसट होतो, पांढुरकी रेघ उमटते. विकायचे का हे मग? यातून प्यायचं का?

आधी उत्तर, मग रामायण. रंग उतरतोय म्हणजे तो कुठेतरी जातोय, आणि जाण्यासारखी जागा एकच, तुमच्या पेयात. तो मग पिण्यासाठी देऊ नका. पेन ठेवा, मनीप्लांट लावा, पण त्यात सोलकढी नको.

आता माझी गोष्ट. माझी आत्या रत्नागिरीला असते. तिला मी मोठ्या हौसेने झाकणाची एक बरणी दिली होती, आतून-बाहेरून तोच मोरपिशी मॅट, आणि आत्याने काय करावं तर त्यात आगळ भरून ठेवलं. ज्यांना आगळ माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकमाचा मीठ घालून काढलेला दाट रस, आंबट म्हणजे दात आंबतील इतका. दोन महिन्यांनी मी गेले तर आत्या म्हणाली, "अगं, तुझी बरणी कळकते."

मी म्हटलं काहीतरीच काय, पितळेचं भांडं आहे का कळकायला. तिने बरणी रिकामी करून, धुऊन माझ्यापुढे ठेवली. आतमधे जिथपर्यंत आगळ होतं तिथपर्यंत रंग राखाडी-पांढरा आणि वरती दोन बोटं मूळ मोरपिशी, मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. बोट फिरवलं तर वरचा भाग रेशमासारखा आणि खालचा खडूसारखा. पोटात धस्स झालं, कारण ग्लेझच्या त्याच बादलीतून मी तोवर चाळीसेक मग काढले होते.

आत्याने वापरलेला शब्द मात्र अगदी नेमका होता. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं म्हणजे काय होतं, तर आंबट पदार्थ धातू विरघळवतो. ग्लेझमधेही तेच होतं, फक्त तिथे धातू काचेत अडकलेला असतो. काच धड असेल तर तो बाहेर येत नाही, काच कमकुवत असेल तर येतो. आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकता कळत होतं आणि आम्ही महागडे वर्कशॉप करून विसरलो, असो.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते लिंबाचं. ज्यांनी हे कधी केलं नाहीये त्यांनी आजच करा: मगच्या आत सपाट जागी लिंबाची जाड चकती ठेवायची, वर वाटी पालथी घालायची म्हणजे सुकणार नाही, आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी धुऊन, पूर्ण वाळवून, खिडकीच्या उजेडात तिरपं धरून बघायचं. ओलं असताना बघू नका, ओलं असलं की सगळंच छान दिसतं. याहून कडक करायचं असेल तर व्हिनेगर. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिडिटी ४ टक्के वगैरे लिहिलेली असते, आणि गंमत म्हणजे लॅबमधली प्रमाणित टेस्टसुद्धा ४ टक्के ॲसेटिक ॲसिडचीच असते, २४ तास, साधारण २२ डिग्रीला. म्हणजे घरच्या घरी तुम्ही जवळपास तेच करताय. अर्धा मग भरा, झाका, एक दिवस ठेवा, जमलं तर तीन दिवस ठेवा, मग ओता आणि रेघ दिसते का बघा. पुण्यात मे महिन्यात केलंत तर खोलीच ३८ डिग्री असते, त्यामुळे ॲसिड जरा जास्तच चावतं, तेही लक्षात असू द्या.

मी शिल्लक असलेल्या अकरा मगांवर लिंबू ठेवलं. आणि इथे डोक्याला शॉट लागला, कारण सहा मग चक्क पास झाले! म्हणजे अगदी बारीक फरक, तोही शोधला तरच दिसेल. पाच मात्र साफ नापास, चकतीच्या आकाराचा गोल पांढरट डाग. बादली तीच, माती तीच, बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) एकत्रच केलेलं, मग हे काय?

पहिला संशय बादलीवर. ग्लेझमधले बेरियम, कॉपर हे जड, तळाला बसतात, नीट ढवळलं नाही तर पहिल्या मगात कमी आणि शेवटच्या मगात जास्त. मी ८० मेशच्या बारीक चाळणीतून परत गाळलं, ड्रिलला मिक्सर लावून ढवळलं, दोन नवीन मग केले. तरी एक पास, एक नापास. दुसरा संशय जाडीवर, तोही फिसकटला. तिसरा संशय वजनकाट्यावर, तोही बरोबर निघाला. मग एका रात्री सगळे मग उलटे करून ओट्यावर मांडले आणि तळाकडे बघितलं. मला एक सवय आहे, भट्टी भरताना पेन्सिलने तळाशी शेल्फचा नंबर लिहायचा... नाही, पेन्सिल जळून जाते, आयर्न ऑक्साईडच्या ब्रशने एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. नापास मगांच्या तळाला सगळीकडे एकच ठिपका. एक ठिपका म्हणजे सगळ्यात खालचं शेल्फ.

तर पहिलं कारण सापडलं: खालचं शेल्फ पुरेसं तापत नव्हतं. भट्टीचा कंट्रोलर १२२२ डिग्री दाखवतोय म्हणून मी निर्धास्त, पण कंट्रोलर फक्त थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या कांडीच्या) टोकापाशी काय आहे ते सांगतो आणि माझं थर्मोकपल मधल्या आणि वरच्या शेल्फच्या दरम्यान आहे, वर ते जुनं झालेलं. पुढच्या भट्टीत तिन्ही शेल्फवर ५, ६, ७ असे कोन ठेवले. वर कोन ६ नीट वाकलेला, मधे बरोबर, आणि खाली कोन ६ ताठ उभा, शाळेत शिक्षा केल्यासारखा, फक्त कोन ५ वाकलेला. तापमान तासाला ६० डिग्रीने चढवलं तर कोन ५ आणि ६ मधे ३६ डिग्रीचा फरक असतो, ११८६ आणि १२२२. तेवढ्याने ग्लेझ अर्धवट वितळलं आणि मला वाटलं की वा, काय सुंदर मॅट आलंय.

हा मुद्दा जरा थांबून सांगते कारण ९० टक्के गोंधळ इथेच आहे (हा आकडा माझा आपला अंदाज, भांडू नका). मॅट दोन प्रकारचा असतो. एक खरा मॅट, म्हणजे ग्लेझ पूर्ण वितळतं आणि थंड होताना त्यात बारीक स्फटिक तयार होतात, त्यामुळे उजेड विखुरतो. दुसरा खोटा मॅट, म्हणजे ग्लेझ वितळलेलंच नसतं, भात कच्चा राहिल्यासारखं. फोटोत दोन्ही सारखे दिसतात. ओळखायचं कसं, तर चमचा घासून बघा, खोट्या मॅटवर राखाडी ओरखडे राहतात आणि घासूनही लवकर जात नाहीत. बॉलपेनने किंवा मार्करने खूण करा, खोट्यावर शाई मुरते. आणि खात्रीचा उपाय, तोच तुकडा एक कोन वर भाजा. चकाकायला लागला तर समजा तो मॅट नव्हताच, कच्चा होता.

भट्टीचं मी काय केलं ते पटकन सांगते: खालच्या एलिमेंट बदलल्या, नवीन थर्मोकपल लावलं, खालच्या शेल्फला थोडी जास्त उंची दिली, आणि भाजणीचं सगळ्यात वरचं तापमान १२१० ला आणून तिथे २० मिनिटं थांबवलं. आता तिन्ही शेल्फवर कोन ६ जवळपास सारखा वाकतो. तुमच्या भट्टीचे आकडे वेगळे असणार, कोन ठेवूनच ठरवा, माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

मला वाटलं सुटलो. नवीन मग काढले, सगळे वरच्या शेल्फसारखे दिसतायत, लिंबू ठेवलं, ठीक. मग म्हटलं आत्याच्या आगळाची परीक्षा घेऊ, तर व्हिनेगर तीन दिवस ठेवलं. आणि परत रेघ. आधीइतकी ढळढळीत नाही, पण आहे. आधी पास झालेले सहाच्या सहा मगही या परीक्षेत नापास! म्हणजे भट्टी हे कारण होतंच, पण त्याच्या मागे दुसरं लपलेलं होतं, आणि पहिलं दिसलं म्हणून मी दुसरं शोधणंच बंद केलं होतं.

दुसरं कारण म्हणजे रेसिपीच. माझ्या ग्लेझमधे कॉपर कार्बोनेट ५ टक्के आणि बेरियम कार्बोनेट विशीच्या वर होतं, सिलिका अगदीच बेताची. ही रेसिपी वर्षानुवर्षं हातोहात फिरतेय आणि रंग खरंच अप्रतिम येतो, बेरियमसोबत कॉपर जो निळा-हिरवा देतो तो दुसरं कोणी देत नाही. पण ग्लेझ म्हणजे शेवटी काच. सिलिका म्हणजे तिचा सांगाडा, ॲल्युमिना म्हणजे त्याला धरून ठेवणारा, आणि फ्लक्स म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बेरियम वगैरे जे सगळं वितळवतात. सांगाडा भक्कम असेल तर ॲसिडला आतले धातू ओढून काढता येत नाहीत. मॅट आणायला आपण काय करतो तर सिलिका कमी करतो आणि फ्लक्स वाढवतो, आणि वर काचेला झेपेल त्याहून जास्त कॉपर टाकतो. ५ टक्के कार्बोनेट म्हणजे साधारण साडेतीन टक्के ऑक्साईड, तेही अशा लेच्यापेच्या काचेत. जास्तीचं कॉपर पृष्ठभागावर येऊन बसतं, कधीकधी काळपट धातूसारखी झाक दिसते ती तीच. आणि कॉपर निघतंय म्हणजे त्याच्यासोबत बेरियमही निघत असणार, फक्त बेरियमला रंग नाही म्हणून ते दिसत नाही. मला सगळ्यात भीती वाटली ती याची.

इथे थोडं प्रमाणात बोलूया, कारण लोक एकदम घाबरतात किंवा एकदम उडवून लावतात. तांबं हे शिशासारखं नाही, आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितोच, पण त्या भांड्यात कोणी चिंचेचं सार ठेवत नाही. जास्त गेलं तर मळमळ, उलटी, तोंडात धातूची चव. बेरियम कार्बोनेट जरा वेगळं प्रकरण आहे, ती पावडर उंदीर मारायला वापरायचे, कारण पोटातल्या ॲसिडमधे ती विरघळते. याउलट बेरियम सल्फेट एक्स-रेच्या आधी पेशंटला चक्क पाजतात, कारण ते विरघळतच नाही. धातू तोच, पण विरघळतो की नाही यावर सगळा खेळ. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मधे, बेरियमची मर्यादा लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे आणि तांब्याची, दुसरा पाण्याचा सोर्स नसेल तर जास्तीत जास्त, १.५. भांड्यांसाठीच्या नियमांमधे मात्र भर असतो तो शिसं आणि कॅडमियमवर, त्यामुळे "माझा मग नियमात बसतो" याचा अर्थ तांबं-बेरियम निघत नाही असा होत नाही. म्हणून आम्ही लोक पाण्याच्या आकड्यांशी तुलना करतो, दुसरी पट्टीच नाही हातात.

उपाय. सोपा आणि कंटाळवाणा: आतून रंगच नको. बाहेरून जो काय मोर नाचवायचाय तो नाचवा, आतून आणि काठाला साधं पारदर्शक किंवा पांढरं लायनर ग्लेझ, ज्यात रंगाचा एकही ऑक्साईड नाही. बाहेरचं ग्लेझ काठापासून निदान बोटभर खाली थांबवा, कारण ओठ काठाला लागतात आणि ग्लेझ वितळताना थोडं वाहतं. मी काय करते, आधी आत लायनर ओतून फिरवून काढते, मग काठ उलटा करून त्याच लायनरमधे बुडवते, वाळलं की त्या पट्ट्यावर मेण लावते आणि मग बाहेरून मोरपिशी. थोडी कटकट आहे, पण त्या पांढऱ्या पट्ट्याने मग उलट जास्त चांगले दिसतात असं माझं मत झालंय.

लायनरसाठी कोन ६ ची एक जगभर माहीत असलेली सोपी रेसिपी आहे, पाच वीस म्हणा: पोटॅश फेल्डस्पार २०, सिलिका २०, चायना क्ले २०, वोलॅस्टोनाइट २० आणि ३१३४ नंबरचं बोरॉनवालं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) २०. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, वोलॅस्टोनाइट आपल्याकडे राजस्थानचं छान मिळतं. अडचण फ्रिटची. इकडच्या दुकानात "त्याच्यासारखंच आहे मॅडम" म्हणून जे देतात ते तसंच असेल असं नाही, त्यामुळे फ्रिटचं ॲनालिसिस मागा आणि लेड-फ्री आहे हे बिलावर लिहून घ्या. तोंडी नको. आकडे हातात आले की ग्लेझी नावाच्या साइटवर फुकट हिशोब करता येतो, रेणूंच्या हिशोबाने (वजनाने नाही) फ्लक्सची बेरीज १ धरली तर ॲल्युमिना ०.२५ च्या वर आणि सिलिका २.५ च्या बरीच वर असावी, एवढं तरी बघा. हिशोब जुळला म्हणजे ग्लेझ पास झालं असं नाही, पण जुळला नाही तर भाजायचे कष्ट तरी वाचतात. पाच वीस काही मातींवर क्रेझ होतं, म्हणजे केसासारख्या बारीक तडा जातात, तसं झालं तर सिलिका थोडी वाढवून बघा.

क्रेझिंगवरून आठवलं, हा दुसरा नेहमीचा घोटाळा. तडा गेल्या म्हणजे विष सुटतं असं नाही. तो ग्लेझ आणि मातीच्या आकुंचनाचा मामला आहे. पण माती पुरती घट्ट भाजली नसेल तर त्या तडांतून पाणी आत झिरपतं, मग तळ ओला राहतो, वास येतो, लोणच्याला तर अजिबात नको. वेगळा आजार, वेगळं औषध, इथे थांबते.

काय काय करून उपयोग झाला नाही तेही सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. एकाने सुचवलं की वरून फूड-ग्रेड म्हणून मिळणारं इपॉक्सी लाव. गरम चहा, घासणी, सहा महिने, सालं निघायला लागतात. दुसऱ्याने सांगितलं मग आधीच व्हिनेगरमधे भिजवून ठेव, जे निघायचंय ते निघून जाईल. नाही जात हो, वरचा थर निघाला की खालचा उघडा पडतो, आणि खरखरीत झाल्यामुळे आणखीच. परत भाजून बघितलं, खालच्या शेल्फवाले कच्चे मग सुधारले हे खरं, पण एकाला फोड आले आणि तीन दिवसांच्या व्हिनेगरला ते तरीही टिकले नाहीत. कॉपर २ टक्क्यांवर आणलं, बराच फरक पडला, पण रंग मेला. मग म्हटलं एवढा अट्टाहास कशाला, बाहेरून लाव की.

डिशवॉशरवाल्यांसाठी एक जादा टेस्ट: ॲसिडला टिकलेलं ग्लेझ अल्कलीला टिकेलच असं नाही. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, त्यात ग्लेझचा तुकडा अर्धा बुडवून मंद आचेवर सहा तास, पाणी आटलं की घालत राहायचं. जुनं स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो, आणि ते पातेलं परत स्वयंपाकात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिंबू आणि व्हिनेगर तुम्हाला फक्त रंगीत गोष्टी दाखवतात. शिसं दाखवत नाहीत. शिशाच्या ग्लेझवर काहीच डाग पडला नाही आणि तरी शिसं भरपूर उतरलं असं अगदी होऊ शकतं. आणि शिसं वाईट यासाठी की ते साठत जातं, लहान मुलांच्या मेंदूवर जातं, आणि चव गोडसर असल्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. १९७० साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एक केस छापली होती, मॉन्ट्रियलमधला एक लहान मुलगा मातीच्या ग्लेझवाल्या जगमधे ठेवलेला सफरचंदाचा रस पिऊन शिशाच्या विषबाधेने गेला. घटक मोजा: आंबट रस, बराच वेळ साठवलेला, कमी तापमानाचं शिशाचं ग्लेझ. आगळाची बरणी आणि तो जग यात फक्त शिशाचा फरक आहे, हे वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती.

आपल्याकडे शिसं कुठे भेटतं? कमी तापमानाच्या चकचकीत ग्लेझमधे. शेंदूर म्हणजेच शिशाचं ऑक्साईड, आणि ते ८००-९०० डिग्रीला झकास वितळतं, रंग खुलवतं, दोष झाकतं, म्हणून जगभर शेकडो वर्षं वापरलं गेलं. जयपूरच्या निळ्या पॉटरीच्या पारंपरिक ग्लेझमधेही लेड ऑक्साईड असायचं, म्हणून जुना तुकडा असेल तर भिंतीवर लावा, त्यात चटणी वाढू नका. मला खरी काळजी वाटते ती सुट्या किलोवर मिळणाऱ्या बिननावाच्या "ट्रान्स्परंट ग्लेझ"ची, ज्याच्या पिशवीवर फक्त तापमान लिहिलेलं असतं. आणि त्यात कोणी हौसेने कॉपर टाकून हिरवं केलं तर संपलंच, शिशाच्या ग्लेझमधे कॉपर घातलं की शिसं सुटण्याचं प्रमाण खूप वाढतं, हे सिरॅमिकवाल्यांना फार जुनं माहीत आहे. म्हणजे जे ग्लेझ नुसतं असताना कदाचित टेस्टमधे पास झालं असतं तेच हिरवं केल्यावर नापास.

हे घरी तपासता येत नाही का, तर बाजारात पुसून बघायचे लेड-टेस्ट स्वॅब मिळतात पण मला त्यांचा भरवसा नाही. त्यातल्या काहींचं रसायन बेरियमलाही रंग देतं, आणि जे शिसं २४ तासांत ॲसिडमधे उतरतं ते दोन मिनिटं पुसून कळेलच असं नाही. त्यामुळे विकणार असाल तर लॅब. आयएस ९८०६ हे आपलं मानक आहे भांड्यांतून उतरणाऱ्या विषारी धातूंसाठी, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला फोन करून विचारा की सिरॅमिकवेअरची लेड-कॅडमियम टेस्ट करता का. खुर्जा आणि नरोडा इथे सीजीसीआरआयची (केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेची) केंद्रं आहेत, तिथे पॉटरीवाल्यांची भाषा कळते हा फायदा. लॅबला सांगताना नुसतं "फूड-सेफ आहे का बघा" म्हणू नका, कोणते धातू मोजायचे ते लिहून द्या, नाहीतर शिसं-कॅडमियम बघून पास म्हणून पाठवतील आणि तुमचं बेरियम राहिलं तसंच. आणि वरच्या शेल्फवरचा सगळ्यात देखणा मग पाठवायचा मोह आवरा. सगळ्यात खालचा, सगळ्यात संशयित पाठवा.

अंदाज यावा म्हणून, अमेरिकेत एफडीएची (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाची) कप-मगसाठी शिशाची मर्यादा मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि सपाट ताटलीला ३. सहापट फरक का, तर ताटलीत पदार्थ थोडा वेळ असतो आणि मगात चहा-कॉफी-ज्यूस बसून राहतं. यावरूनच कळतं की वापर कसा होणार यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून बाटलीवर "फूड-सेफ" लिहिलंय हे वाक्य मला आता अर्धवट वाटतं. ते ग्लेझ, त्यांच्या मातीवर, त्यांच्या तापमानाला, त्यांच्या भट्टीत पास झालंय. तुम्ही त्यात एक चमचा कॉपर टाकलात, त्यावर दुसरं ग्लेझ चढवलंत, किंवा एक कोन खाली भाजलंत की ते लेबल तुमच्या मगाला लागू नाही. लाल-केशरी रंगाचे कॅडमियमवाले स्टेन (ग्लेझमधे घालायचे तयार रंग) असतात तेही असेच, झिरकॉनच्या कवचात बंद केलेले असतात म्हणून चालतात, पण ते बॉलमिलमधे (गोट्यांनी दळायच्या यंत्रात) दळलेत की कवच फुटलं.

आणि पिणाऱ्याची एवढी चर्चा करताना बनवणारा राहून जातो. भाजलेल्या मगापेक्षा सुकी पावडर तुमच्यासाठी जास्त धोक्याची आहे, तुम्ही रोज तिच्यात असता. मिक्स करताना नीट बसणारा चांगला मास्क, सर्जिकल नाही. झाडू अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. मॅंगनीज वापरत असाल तर भट्टीचा धूर खोलीबाहेर काढा, त्याचे धूर मेंदूवर जातात आणि पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. आणि स्टुडिओत डबा खायचा नाही, मी स्वतः कित्येक वर्षं ग्लेझच्या बादलीवर ताट ठेवून पोळी-भाजी खाल्लीय, त्यामुळे उपदेश करायला लाज वाटते पण करते.

विकलेले मग मी परत मागवले, त्यातले अठ्ठावीस मिळाले. फोन करताना नको-नको झालं होतं, पण बहुतेकांनी बदलून दिल्यावर काही म्हटलं नाही, एक ताई तर म्हणाल्या की रंग इतका आवडतो, त्यात मी ब्रश ठेवीन, परत नको घेऊस. तळाला आता मी "फक्त शोभेसाठी" असं कोरते, शाईने लिहीत नाही. आत्याला नवीन बरणी दिली, आतून पांढरीशुभ्र, पोचवण्याआधी व्हिनेगर तीन दिवस ठेवून बघितली. तिने आत वाकून बघितलं आणि विचारलं, "कल्हई करून आणलीस होय?"

राहता राहिली ती जुन्या ग्लेझची अर्धी बादली. ती मोरीत ओतू नका, ना बागेत. मी ती तशीच उघडी ठेवून पाणी आटू दिलं, पण मुलं-मांजरं जाणार नाहीत अशा जागी, मग ओला गोळा असतानाच एका फुटक्या बिस्कच्या वाडग्यात थापला आणि खाली जुना शेल्फचा तुकडा ठेवून कोन ६ ला भाजला. काळपट हिरवा दगड झालाय. मागच्या भिंतीपाशी पडून आहे, दार उघडं ठेवायला वापरते.